परिच्छेद संपेपर्यंत

१

छापखान्यात तिला सगळे कानामात्रा म्हणत. अर्थात पाठीमागे. तिच्या कानावर ते आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून प्रुफं तपासणाऱ्या बाईला लोकांनी दुसरं काय म्हणायचं? पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की ती त्या दुकानात पाय ठेवत नसे. ऐन वयात दोन-तीन स्थळं आली होती. त्यांची पत्रं तिने लाल पेनने दुरुस्त करून परत पाठवली आणि तो विषय तिथेच मिटला, असं आई सांगायची. खरं-खोटं त्या दोघींनाच माहीत.

प्रुफं तपासणं हे खरं तर दोघांचं काम. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून ताडून बघायचं. वाचणारा नुसते शब्द वाचत नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणतो. वडील गेले त्या वर्षी आई समोरच्या खुर्चीत येऊन बसली आणि पुढची सत्तावीस वर्षं ती वाचत होती. शिकारीच्या गोष्टी असोत की शिवणकामाचं पुस्तक, आवाज एकच, संथ, न अडखळणारा. परिच्छेद संपला की आई थांबे, लेक "हं" म्हणे, की आई पुढे. आणि एक नियम होता आईचा. परिच्छेद संपेपर्यंत उठायचं नाही. एकदा दारावरची बेल वाजली म्हणून दोघी मधेच उठल्या आणि परत बसताना एक ओळ गळाली. छापून आलेल्या पुस्तकात विहिरीत पडलेला माणूस पुढच्याच वाक्यात घरी चहा पीत बसला होता. तेव्हापासून बेल वाजून वाजून लोक परत जायचे, पण परिच्छेद पुरा व्हायचा.

दीड वर्षापूर्वी आईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता ती मागच्या खोलीत पडून असे आणि कानामात्रा पुढच्या खोलीत, उजेडाच्या टेबलाशी, दोन्ही प्रती एकटीने बघत मान डावीउजवीकडे फिरवत बसे. तान्ह्या बाळांसाठी मिळतो तसला एक मॉनिटर तिने आणला होता. त्याचा एक डबा आईच्या उशाशी, दुसरा हिच्या टेबलावर. तिकडचा आवाज इकडे येई, इकडचा तिकडे जात नसे. त्यातून आईचा श्वास दिवसभर ऐकू यायचा. दिवसातून कितीदा तरी ती पेन थांबवून तो ऐके. आईने एकदा तरी हाक मारावी आणि ती आपल्या कानावरून जाऊ नये, एवढंच तिला आता आयुष्याकडून हवं होतं.

२

शेजारच्या घरात नवा भाडेकरू आला आणि मॉनिटर खरखरू लागला. सकाळी नऊला सुरू झालेली खरखर संध्याकाळपर्यंत थांबेना. आईचा श्वास तिच्याखाली बुडून गेला. पहिल्या दिवशी कानामात्रा दर पाच मिनिटांनी उठून मागच्या खोलीत जाऊन आली. दुसऱ्या दिवशी तिने शेजारचं दार वाजवलं.

शेजारी तिशीतला, घरूनच कॉम्प्युटरवर काम करणारा, कानाला सतत काहीतरी लावलेला. पण माणूस सरळ निघाला. तिचं ऐकून तो लगेच चप्पल घालून आला, मॉनिटर उलटासुलटा करून पाहिला आणि आईच्या पलंगामागच्या भिंतीवर टकटक केली. याच भिंतीला पलीकडून त्याचा वायफायचा राउटर लावलेला होता. दोन्ही यंत्रं एकाच पट्टीत बोलतात, तो म्हणाला. एका खोलीत दोघांनी एकदम बोलावं आणि कुणाचंच कळू नये, तसं झालंय. राउटरचं चॅनल बदललं, तो दुसऱ्या खोलीत हलवला की झालं. फक्त आज आणि उद्या त्याचं महत्त्वाचं काम चालू होतं. परवा सकाळी नक्की करतो, काकू, असं सांगून तो गेला. जाताना आईकडे बघून त्याने हात जोडले. आईची नजर छताला होती.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बागकामावरचं एक जाडजूड पुस्तक तपासायला घेतलं. चारशे बारा पानं. मूळ प्रतीचा गठ्ठा अजून दोरीने बांधलेलाच होता. आधी प्रुफं एकदा नजरेखालून घालावीत म्हणून ती बसली. खरखर चालूच होती. बोट पहिल्या ओळीखालून सरकत होतं.

"स्वल्पविराम," खरखरीतून कुणीतरी म्हणालं.

तिचं बोट स्वल्पविरामावरच होतं. तिने मान वर केली नाही. सत्तावीस वर्षांची सवय, कान वाजतात माणसाचे. पण पुढचे शब्दही आले. रोप लावताना मुळांभोवतीची माती झटकू नये, पूर्णविराम. संथ, न अडखळणारा आवाज. परिच्छेद संपला, आवाज थांबला, आणि तिच्या तोंडून आपसूक "हं" गेलं. आवाज पुढे वाचू लागला.

परिच्छेद पुरा झाल्यावरच ती उठली. मॉनिटर हातात घेऊन मागच्या खोलीत गेली. आई उताणी पडली होती. तोंड मिटलेलं, ओठ हलत नव्हते. डब्यातूनही आवाज येत नव्हता. तो थांबून राहिला होता. तिने अगदी हळू "हं" म्हटलं. हातातल्या डब्यातून आई वाचू लागली आणि पलंगावर आईच्या डाव्या हाताचं बोट चादरीवरून डावीकडून उजवीकडे सरकू लागलं. शेवटाला पोचलं की परत मागे, जरा खाली, आणि पुन्हा उजवीकडे.

कानामात्रा भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. चूक दिसली की ती लेखकाची, छापणाऱ्याची की आपली, एवढंच ती शोधत असे. ही चूक आपलीच, असं तिने धरलं. प्रुफं आपल्या डोळ्यांसमोर आहेत, आपलं मन वाचतंय, कान ते आईच्या आवाजात ऐकतायत. ती परत टेबलाशी बसली. सातव्या पानावर आवाजाने एक वाक्य वाचलं, कुंडीच्या तळाशी खापरीचे तुकडे घालावेत, आणि ते प्रुफात नव्हतंच. तिने गठ्ठ्याची दोरी सोडली. मूळ प्रतीत सातव्या पानावर ते वाक्य होतं. छापताना गळालेलं.

आपल्या मनाला कितीही फसवता आलं, तरी न वाचलेली ओळ त्याला कुठून सुचणार? मग तिने समासात खूण करून गळालेलं वाक्य भरलं आणि "हं" म्हणाली. तिला रडू येत होतं.

४

ठरल्या दिवशी सकाळी शेजाऱ्याने शब्द पाळला. चॅनल बदललं, राउटर पलीकडच्या खोलीत नेला. मॉनिटर एकदम स्वच्छ झाला. आईचा श्वास, चादरीची सळसळ, लांब कुठल्यातरी नळाची टपटप, सगळं सुटंसुटं ऐकू येऊ लागलं. जे मागितलं होतं ते अगदी पदरात पडलं.

कानामात्रा प्रुफं पुढ्यात घेऊन बसली. "हं" म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग मागच्या खोलीत गेली. आईचं बोट चादरीवर फिरत होतं, पण ओळीने नव्हे. अंधारात चष्मा चाचपडावा तसं इकडेतिकडे, काहीतरी शोधत. डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरत होतं. दीड वर्षात आई रडली नव्हती.

दुपारी तिने पुन्हा शेजारचं दार वाजवलं आणि राउटर होता तिथेच लावा, होता तसाच चालू द्या, म्हणून सांगितलं. शेजारी चकित झाला. लोक त्रास घालवायला येतात, तुम्ही परत मागायला आलात, असं तो हसून म्हणाला. ती खोटं बोलली. त्या आवाजाने आईला झोप लागते, म्हणाली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, तेव्हा कान लाल झाले. त्याने मात्र आणखी काही विचारलं नाही. संध्याकाळी खरखर परत आली.

५

पुढचे पंधरा दिवस तिच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले, हे कबूल करायला हवं. नऊला राउटर जोरात चालू लागे, नऊला आई वाचायला बसे. बसे म्हणजे काय ते देव जाणे. पंचवीस पानं, कधी तीस. गुलाबाची छाटणी, मावा पडलेल्या पानांचा इलाज, स्वल्पविराम, पूर्णविराम. कानामात्रा मधेच काही बोलायची, आई, या लेखकाला झाडं कळतात पण वाक्य कळत नाही. आवाज उत्तर देत नसे. तो वाचायचा तेवढंच वाचायचा. इकडचं बोलणं त्या यंत्रातून तिकडे जातच नाही, मग "हं" तेवढं कसं पोचतं, हा विचार ती करत नसे. केला असता तर काम थांबलं असतं.

आठवड्याने डॉक्टर आले. त्यांनी आईची छाती तपासली, घशात बॅटरी मारली आणि बॅटरी बराच वेळ तिथेच धरली.

"ह्या बोलायला लागल्यात का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"घसा पार बसलाय. दिवसभर व्याख्यानं देणाऱ्याचा बसतो तसा. श्वासही दमलेला आहे." त्यांनी बॅटरी खिशात टाकली. "असो. पाणी पाजत राहा. शक्ती राखायला हवी, ती फारशी उरलेली नाही."

ते गेल्यावर ती आईजवळ बसली. आईचे ओठ फुटले होते, कोपऱ्याला रक्ताची बारीक रेघ होती. तिने लोणी लावलं, चमच्याने पाणी पाजलं. पाणी घशाखाली उतरायला वेळ लागत होता. पूर्वी चाळीस पानं झाली की आईचा घसा असाच बसायचा, आणि तरी ती म्हणायची, एवढं प्रकरण होऊन जाऊ दे.

उद्यापासून बंद, असं कानामात्राने मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी नऊला खरखरीत आवाज सुरू झाला तेव्हा तिने स्वतःला सांगितलं, हे प्रकरण संपेपर्यंत. मग वेलींचं प्रकरण लागलं, आणि ते तर लहानच होतं. कळतं पण वळत नाही म्हणतात, तसं झालं तिचं. रात्री आईचे ओठ पुसताना तिला स्वतःची लाज वाटे. सकाळी ती पेनाचं टोपण काढून तयार असे. आईलाही हेच हवंय, असं ती मनाची समजूत घाले, आणि ते खोटं नव्हतं, एवढीच अडचण होती.

६

पुस्तक संपत आलं त्या दिवशी सकाळी सातला तिने आईला पाणी पाजलं. पाणी ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. तिने पुसलं. आईचे डोळे मिटलेले होते. झोपू दे, असं म्हणून ती पुढच्या खोलीत आली. सतरा पानं उरली होती. शेजारी त्या दिवशी लवकर कामाला बसला असावा, कारण आठलाच खरखर सुरू झाली आणि तिच्या आत आई.

आवाज खाली गेला होता. शब्द स्पष्ट, पण मधली जागा वाढलेली. तिने कान जवळ नेला. बोट ओळीखालून सरकत राहिलं. नऊ पानं झाली. दहाव्या पानावर, एका लांबलचक परिच्छेदाच्या मध्यावर, तिला काहीतरी चुकतंय असं वाटलं. अक्षरात नव्हे. इतके दिवस आवाज थांबला आणि कान डब्याला लावला की खरखरीच्या तळाशी आईचा श्वास जरा तरी लागायचा. आज तो लागला नव्हता. आठवून पाहिलं तर सकाळपासून एकदाही नाही.

उठावं असं अंगातून आलं, आणि तरी ती उठली नाही. परिच्छेद चालू होता. कलमं बांधण्याविषयीचा, अकरा ओळींचा. तिने अकराही ओळींवर बोट फिरवलं, एका वेलांटीची खूण केली. पूर्णविराम. मग ती उठली. "हं" म्हणाली नाही.

आईचा हात तिने उचलू पाहिला, पण तो सहज उचलला गेला नाही, ताठरू लागला होता. डाव्या हाताचं बोट चादरीवर पुढे आलेलं होतं आणि चादरीला त्याच्या जागी बारीक भोक पडलं होतं.

डॉक्टर बारा वाजता आले. सकाळीच गेल्यात, म्हणाले, सात, फार तर साडेसात. झोपेत. त्रास झाला नाही. कानामात्रा मान हलवत होती आणि मनात एकच हिशेब चालला होता. आठला आपण बसलो. नऊ पानं. आणि वर अर्धा परिच्छेद समजून-उमजून. जिवंतपणी राबवलं ते राबवलं, मेलेल्या आईकडूनही नऊ पानं वाचून घेतली.

७

बाकीचं शेजाऱ्याने बघितलं. गाडी बोलावली, कागदांवर सह्या कुठे करायच्या ते दाखवलं, संध्याकाळपर्यंत तिच्यासोबत उभा राहिला. स्मशानातून परतल्यावर त्याने तिच्या हातात चहाचा कप दिला आणि सांगितलं की उद्या चारच्या सुमारास तो बहिणीकडे जायला निघेल, आठवडाभर घर बंद असेल. जाताना तो घरातलं सगळं बंद करून जातो. पण काकूंना त्या आवाजाचा आधार वाटत असेल तर राउटर चालू ठेवून जाईल.

तिने टेबलाकडे पाहिलं. मॉनिटर खरखरत होता. त्या खरखरीत, सकाळपासून, कुणीतरी थांबून राहिलं होतं. तिने "हं" म्हटलं नव्हतं ना.

"नको," ती म्हणाली. "चारला बंद करून जा. आठवणीने."

रात्रभर ती विचार करत होती. आईने एकही पुस्तक अर्धवट सोडलं नव्हतं. आठ पानं उरली होती. एका बैठकीचं काम. ती पुरी करून आईला मोकळं करायचं की आत्ताच हात लांब करून डबा बंद करायचा? दोनदा तिने हात लांब केला. बंद करणं म्हणजे आईला ताटकळत ठेवून दिवा मालवणं, असं तिला वाटलं. आणि आणखीही एक गोष्ट होती, ती तिने स्वतःपाशी लपवली नाही. तिला तो आवाज आणखी एक तास हवा होता.

दुसऱ्या दिवशी अडीचला तिने पेनाचं टोपण काढलं. मागच्या खोलीत पलंग उघडाच होता, गादी उचलून नेलेली. उशाचा डबा मात्र तिने जागचा हलवला नव्हता.

"हं," ती म्हणाली.

आवाज आला. इतका बसलेला की ओळखू येऊ नये, पण अडखळत नव्हता. कलमांविषयीचा पुढचा परिच्छेद. मग खतं, मग बियाणं कसं राखून ठेवावं. प्रत्येक पूर्णविरामाला घशातून कोरडा आवाज येई, सुकं पान चुरगाळावं तसा. कानामात्राचे डोळे भरून अक्षरं दिसेनाशी होत होती. आयुष्यात प्रथमच तिने चुका नुसत्या जाऊ दिल्या. पुरे आई, असं तिने दोनदा म्हटलं. आवाज वाचत राहिला. तो "हं"साठी थांबायचा, ती म्हणायची, तो वाचायचा.

चारला तीन मिनिटं कमी असताना शेवटचं पान संपलं. "समाप्त," आई म्हणाली. तिने पेन खाली ठेवलं.

"झालं, आई," ती म्हणाली. "आता थांब. आता काही वाचायचं नाही."

खरखर. त्यात कुणीतरी अजून होतं. आवंढा गिळल्यासारखा आवाज झाला, पुन्हा झाला. आणि मग, पंधरा दिवसांत पहिल्यांदा, कागदावर नसलेले शब्द.

"पोरी, पाणी दे गं."

खुर्ची मागे पडली. ती स्वयंपाकघरात धावली, पेला माठात बुडवला, पाणी हातावरून ओघळत असतानाच मागच्या खोलीत आली. उघड्या पलंगापाशी. पेला पुढे केला आणि हात तिथेच राहिला. कुठे धरायचा? आईचं तोंड असायचं त्या उंचीवर तिने तो धरला. पुढच्या खोलीतून आवाज येतच होता, पाणी, एवढाच एक शब्द, दर खेपेला जरा क्षीण. "हे घे," ती म्हणत होती. "आई, हे घे, इथे आहे." पेला तिने जरा कलता केला. पाणी पलंगाच्या पट्ट्यांवरून जमिनीवर सांडलं.

भिंतीपलीकडे बटण वाजलं आणि सगळं स्वच्छ झालं. नळाची टपटप, आणि तिचाच श्वास, दोनदा, एकदा छातीतून आणि एकदा पुढच्या खोलीतल्या डब्यातून.

ती भिंतीवर मुठी मारू लागली. मग दार उघडून जिन्यात धावली. शेजारी बॅग घेऊन चार पायऱ्या उतरला होता. तिच्या तोंडाकडे बघून तो काही न विचारता परत वर आला, कुलूप उघडलं, बटण लावलं. राउटरचे दिवे एकेक करून लागायला दोन मिनिटं गेली. ती उंबऱ्यात उभी होती. मग तिच्या घरातून खरखर ऐकू आली. ती आत गेली, पेला पुन्हा भरला, मॉनिटर कानाला लावला. "हं," म्हणाली. "हं. हं." खरखर होती. तिच्यात कुणीही नव्हतं.

शेजारी दाराशी येऊन उभा राहिला होता. त्याची गाडी चुकत होती, पण त्याने तसं दाखवलं नाही.

"आता ठीक आहे ना, काकू? काही त्रास नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. "आता काही त्रास नाही."

तो जिना उतरून गेला. पेला तिच्या हातात भरलेलाच होता.